दसऱ्यानंतरची मरळ

मामांचा मोसम दसऱ्याला सुरू होतो आणि देवदिवाळीला संपतो. याचं निम्मं कारण पाण्यात आहे, निम्मं मामींच्या स्वयंपाकघरात. श्रावण पाळायचा, पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र; यातून मोकळं होईतो दसरा उजाडतो. तोवर दुर्ग जिल्ह्यातल्या तलावांचं गढूळ पाणी निवळलेलं असतं. धान पिवळं पडू लागलं की बांध्यांतलं पाणी उतरतं, आणि पावसाळाभर शेतात हिंडून बेडूक-किडे खाऊन माजलेली मरळ त्या पाण्याबरोबर तलावात परत येते. डिसेंबरची थंडी पडली की ती तळाशी सुस्तावते. म्हणजे हाती उरतो तो एवढाच काळ.

त्यात पुन्हा मामींचा कार्तिक. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत त्यांच्या घरात मासा शिजत नाही. दसरा ते कोजागरी हे पाच दिवस सोडले तर मामा जे धरतात ते एकतर शेजारच्या बंगाली बाबूंकडे जातं, नाहीतर परत पाण्यात. जगभरचे गळवाले ज्याला मोठं तत्त्व समजतात, ते मासा सोडून देणं मामांच्या आयुष्यात असं मामींच्या कृपेनं आलं.

मामा मूळचे वर्ध्याकडचे. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये नोकरी झाली, आता हुडकोत घर आहे. घरात मराठी, बाजारात हिंदी, तलावावर छत्तीसगढी. गळ टाकून मासे धरण्याला इकडे ‘गरी खेलना’ म्हणतात, आणि नाइट शिफ्ट करून घरी न जाता सरळ तलाव गाठणारे गरीवाले प्लांटमध्ये पूर्वी पुष्कळ होते. मामांची भाची, म्हणजे माझी बायको, दुर्गच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला हा खेळ पाहवत नाही. तरी ती दर वर्षी एकदा मामांबरोबर जाते, बहुधा भांडायलाच. मी जावई. जावयाला मत विचारायची पद्धत नसते, डबा धरायची असते; म्हणून मला ऐकायला निवांत वेळ मिळाला.

हा वाद बराचसा धमध्याच्या वाटेवरच्या एका तलावाच्या पाळीवर झाला, थोडा परतीच्या गाडीत. धमधा म्हणजे ‘छै आगर छै कोरी’चं गाव: सहा विसा आणि वर सहा, एकशे सव्वीस तलाव होते असं सांगतात. आम्ही पाळीवर पोचलो तेव्हा ऊन तिरकं होतं, कमळाच्या पानांवर दव होतं, आणि राखणदारानं लांबूनच विचारलं, “गरी खेले बर आय हव का बबा?” मामांनी त्याला बिडी दिली. परवानगी झाली.

“मामा, मरळ हवी असेल तर सुपेल्याच्या रविवार बाजारात जिवंत मिळते,” बायकोनं बसायच्या आधीच सुरुवात केली. “मग हा खटाटोप कशाला?”

“मासा मिळते बाजारात. मासा लागायच्या आधीचे दोन तास नाही मिळत.”

“ते दोन तास गळाशिवायही बसता येतं. दुर्बीण आणा, पक्षी पाहा.”

“पाहतोच ना. पण हातात गळ नसला की पंधरा मिनिटांत खिशातून मोबाइल निघते. तुझे पक्षी पाहणारे पोट्टे पाहिले मी, पाणकावळा कमी आणि त्याचा फोटो जास्त पाहतात. गळ असला की नजर हलत नाही. वारा कुठून येऊन राहिला, शेवाळ कुठं फाटलं, बेडूक कोणत्या काठावर गप्प झाले, हे कळल्याशिवाय मरळ लागतच नाही. म्हणून ते कळून घ्यावं लागते.”

“म्हणजे लक्ष लागावं म्हणून दुसऱ्याच्या तोंडात काटा.”

“आता तू वाकडंच बोलायचं ठरवून आली तर काय बोलू, बाप्पा!”

मामांची सामग्री दोन पिढ्यांची आहे. बांबूची जुनी काठी आणि गांडुळांचा डबा खोखसी, टेंगना, केवई असल्या लहानसहान माशांसाठी. मरळीसाठी मात्र फायबरची काठी, रीळ, वेणी घातलेली जाड दोरी आणि रबरी बेडूक. त्या बेडकाच्या पोटालगत दोन काटे वर वळवून लपवलेले असतात. शेवाळावरून ओढला तरी अडकत नाही, तोंडात चेपला की काटे बाहेर येतात. शेजारचे बंगाली बाबू याला हसतात. त्यांचा सगळा जीव रोहूत, आणि रोहूसाठी ते लाल मुंग्यांची अंडी आणि भाजलेली मेथी कालवून चारा करतात. मामांना तसल्या बैठकीचा कंटाळा. त्यांना शिकारी मासाच हवा.

याला कारण एक पुस्तक आहे. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला. १९५५ साली करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. त्या मैत्रीबरोबर रशियन गोष्टींची रंगीत, स्वस्त पुस्तकं आली. त्यातल्या एकात एमेल्या नावाचा आळशी पोरगा गोठलेल्या नदीच्या भोकातून पाणी भरायला जातो आणि बादलीत पाईक मासा येतो. मला सोड, मागशील ते देईन, असं मासा सांगतो. मामांनी त्या पाईकचं चित्र पाहिलं आणि म्हणे तेव्हाच ठरवलं की आपली मरळ तीच.

“पाईक साऱ्या हिंदुस्थानात नाही,” मामा मला समजावू लागले. “पण काम तेच. लांबट अंग, शेवाळात दडून बसायचं, हलायचं नाही, आणि एका झेपेत घ्यायचं. विलायतेत ऑक्टोबर लागला की नदीतल्या ट्राउटवर बंदी येते, अंडी घालायचा टाइम असते त्यांचा. मग गळवाले पाईककडे वळतात. आपल्या हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ट्राउट बंद. आमचं दसऱ्याचं गणित त्याहून वेगळं नाही, जावईबापू.”

“त्या गोष्टीत एमेल्याचं भलं मासा सोडल्यावर झालं, हे मुद्दाम गाळताय,” बायको म्हणाली.

“मामीमुळे मी इतक्या सोडल्या, मले काय मिळालं?”

याला उत्तर नव्हतं.

मग तिनं तिचा खरा मुद्दा काढला. “२००३ साली एडिनबराजवळच्या रोझलिन संस्थेत लिन स्नेडन या बाईंनी ट्राउटवरच प्रयोग केला. त्यांना ट्राउटच्या डोक्यावर, ओठांभोवती वेदना टिपणारे चेतातंतू सापडले. ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलं, तर माशांचा श्वास वाढला, खाणं थांबलं. आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते. मामा, ओठ घासत होते. हे शिकवताना मला तुमचा रबरी बेडूक आठवतो.”

मामा गप्प राहिले नाहीत, पण आवाज उतरला. “माझा अनुभव सांगू? गळातून सुटलेली मरळ दहा मिनिटांनी त्याच बेडकावर परत आलेली पाहिली आहे मी. इतकं दुखलं असतं तर आली असती?”

“भाजलेल्या हातानंही भुकेला माणूस जेवतो.”

“म्हणजे शास्त्रवाल्यांचं सगळ्यांचं एकमत आहे?”

“नाही,” तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. “जेम्स रोझ नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २००२ सालीच लिहिलं होतं की माशाच्या मेंदूत आपल्यासारखा बाहेरचा थर नाही, त्यामुळे आपल्यासारखी वेदना त्याला होऊच शकत नाही. तो पक्ष अजून आहे. पण मला विचाराल तर शंकेचा फायदा माशाला द्यावा. आपल्याला नुसता खेळ हवाय, त्याचा जीव अडकलाय.”

मला यात तिचंच पटतं. रोझसाहेबांचा युक्तिवाद चूक की बरोबर हे ठरवायची माझी पात्रता नाही, पण माशाला जे होतं त्याला ‘वेदना’ म्हणायचं नाही असं मान्य केलं तरी ते ओठ घासणं उरतंच.

एवढ्यात पाण्यावर फुगवटा दिसला. शेवाळाच्या कडेनं मामांचा बेडूक टप्प्याटप्प्यानं येत होता. हात दोन हात ओढायचा, थांबवायचा, टोक हलवून नुसताच थरथरवायचा. त्याच्या मागून पाणी पाचरीसारखं फाटत आलं. मग ‘भप्प’ असा जाड आवाज झाला आणि बेडूक नाहीसा झाला. नवखा माणूस याच क्षणी काठी ओढतो आणि बेडूक रिकामा उडून येतो. मामा थांबले. ओठ हलताना दिसले; बहुधा काहीतरी मोजत होते. मग दोरी ताणली आणि दोन्ही हातांनी काठी मागे घेतली. मरळ शेवाळात शिरली की दोरी सोडवत बसावं लागतं, म्हणून इथं खेळवणं-बिळवणं नसतं, सरळ ओढून काढायची. एक-दीड मिनिटात ती गवतावर होती. पाठ काळपट हिरवी, पोटाकडे पांढरट, बाजूंवर तिरके गडद पट्टे, डोकं थेट सापासारखं चपटं. तोंड उघडलं तेव्हा आत दातांची रांग दिसली. मामांनी ओल्या फडक्यात धरून चिमट्यानं काटा काढला. एका बाजूचा ओठ फाटला होता.

पुढचं मला आधी माहीत नव्हतं. पाण्याबाहेर काढलेला रोहू थोड्या वेळात जातो. मरळ हवेतून श्वास घेते. कल्ल्यांच्या वर तिला त्यासाठी वेगळी पोकळी असते. ओल्या पोत्यात ती तासन् तास जिवंत राहते. बाजारात ती टबात जिवंत विकली जाते आणि म्हणून महाग असते. तेलंगण आणि आंध्र या दोन्ही राज्यांनी तिला राज्यमासा केलं आहे, इतका तिचा मान.

“पोतं काढू नका,” बायको म्हणाली. “ठेवायची असेल तर आत्ता मारा. नाहीतर आत्ता सोडा. चार तास पोत्यात तडफडत घरी न्यायची हे मी पाहणार नाही.”

“ताजी राहते म्हणून नेतात सगळे.”

“ताजी राहते म्हणजे मरत नाही. तेच तर सांगतेय.”

मामांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, काठीचा लाकडी खुंटा घेतला आणि मरळीच्या डोळ्यांच्या मागे दोन टोले घातले. संपलं. मासा राखणदाराला दिला. त्या दिवसापासून मामांच्या पिशवीत पोतं नसतं, हे मी पाहिलेलं आहे. पण त्याचं श्रेय भाचीला द्यायला ते तयार नाहीत. गुडघ्यामुळे ओझं नेववत नाही, असं सांगतात.

“सोडून दिली असती तर तू खूश झाली असती?” त्यांनी विचारलं.

“नाही. इथंच तर गंमत आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून नियम आहे की सोडून द्यायच्या इराद्यानं मासेमारी करायची नाही. धरायचा तर खायला धरा. जर्मनीतही नुसत्या मौजेसाठी धरून सोडणं कायद्यात बसत नाही. आपल्याकडे सोडणारा सज्जन आणि खाणारा निर्दय. तिकडे नेमकं उलट.”

“मग मामीचा कार्तिक स्वित्झर्लंडमध्ये गुन्हा होते!”

“कार्तिकात गळ टाकणं गुन्हा होतो. मामीचा नाही.”

या मुद्द्यावर मी स्विस लोकांच्या बाजूचा. भुकेसाठी मासा मारणारा माणूस स्वतःला आणि माशाला काहीतरी सांगू शकतो. फोटो काढून, ओठ फाडून, ‘जा बेटा’ म्हणून पाण्यात सोडणाऱ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसतं. अर्थात लहान मासा, अंड्यांवरची मादी, दुर्मिळ जात हाती आली तर सोडायलाच हवी. मी सवयीनं धरून सोडण्याबद्दल बोलतोय.

इथपर्यंत मामा हरत होते. गाडीत बसल्यावर त्यांनी डाव पलटवला.

“तू प्राणिशास्त्रवाली आहे, तर मले एक सांग. या तलावांतली मरळ कमी काहून झाली? माझ्या गळानं?”

मामांची एक वही आहे. तारीख, वारा, पाण्याचा रंग, बेडूक कोणता, मासा किती वीत. प्लांटमध्ये शिफ्टचा लॉग भरायची सवय होती, ती इकडे उतरली. त्या वहीत मरळी वर्षागणिक लहान होत गेल्या आहेत, आणि काही तलावांची नावं एका वर्षानंतर पुन्हा येतच नाहीत.

“ते तलाव पट्ट्यावर गेले,” मामा म्हणाले. “पट्टेवाल्याला रोहू, कतला, मिरगल सोडायचे असतात. मरळ त्याचं बी खाऊन टाकते. म्हणून उन्हाळ्यात पाणी उतरलं की आधी मोहाची ढेप टाकतात. हेक्टरी दोन-अडीच टन. तासाभरात सारे मासे वर येतात. मरळ, खोखसी, टेंगना, मोंगरी, सगळं. मग दोन-तीन आठवड्यांनी तीच ढेप खत होऊन जाते आणि तलाव रोहूसाठी तयार. माझ्या सगळ्या जन्मात मी जेवढ्या मरळी मारल्या त्या एका दुपारी जातात. तेव्हा कुठं असतात तुझ्या लिन स्नेडनबाई?”

बायको यावर लगेच बोलली नाही. मोहाच्या ढेपेतलं सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडतं, हे तीच वर्गात शिकवते. सरकारी मत्स्यपालनाच्या पुस्तिकांत ढेप ‘नको असलेले मासे’ काढण्याचा सोपा उपाय म्हणून दिलेली असते. नको असलेले कोणाला, हे तिथं लिहिलेलं नसतं.

“हे मान्य,” ती शेवटी म्हणाली. “पण मी पट्टेवाल्याची वकील नाही. तो करतो म्हणून तुमचं बरोबर होत नाही.”

“माझं बरोबर आहे असं मी म्हणतच नाही. मी म्हणतो, मरळ गेली हे कोणाला कळलं? पंचायतीला? तुमच्या डिपार्टमेंटला? वही कोणाकडे आहे?”

मामांचा हा दावा नुसता गावगप्पांचा नाही. कर्नाटकात कावेरीकाठी गालिबोरेला महाशीराच्या गळवाल्यांचा तळ होता. अभयारण्यातल्या मासेमारीवर बंदी आली आणि तो २०१२ च्या सुमारास थांबला. तिथं १९९८ ते २०१२ या काळात कोणी कोणता मासा धरला याच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. संशोधकांनी त्या तपासून २०१५ साली निबंध प्रसिद्ध केला. पाठीवर कुबड असलेला कावेरीचा मूळचा महाशीर घटत गेला होता, आणि निळ्या परांचा, बाहेरून आणलेला महाशीर वाढत गेला होता. सरकारदरबारी हे कोणीच मोजलेलं नव्हतं. तो कुबडवाला महाशीर आता नष्ट होण्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या जातींत गणला जातो.

मी हे सांगितलं तेव्हा मामांनी मागे वळून माझी पाठ थोपटली. आनंद फार टिकला नाही.

“आता हे पण सांगा की तो निळ्या परांचा कुठून आला,” बायको म्हणाली. “आपल्या लोणावळ्याहून! टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकात तिथं महाशीराची पैदास सुरू केली. काम चांगल्या हेतूनं, शास्त्रीय पद्धतीनं केलेलं होतं. कृष्णेच्या खोऱ्यातला मासा वाचवायचा होता. मग बोटभर पिल्लं ठिकठिकाणी वाटली गेली, कावेरीतसुद्धा. कोणाला आवडतं म्हणून एका नदीचा मासा दुसरीत टाकला की असं होतं. ट्राउटचं काय वेगळं आहे? काश्मीरची ट्राउट, काश्मीरची ट्राउट करतात. ती आणली फ्रँक मिचेल नावाच्या श्रीनगरच्या गालिच्यांच्या कारखानदारानं. १८९९ ची अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली, १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली. साहेबाला घरचा खेळ हवा होता. गळवाला तलावाचा राखणदार असतो म्हणता. त्यानंच किती नद्या बदलून टाकल्या ते पण वहीत लिहा.”

“मी तर इथलीच मरळ धरतो.”

“म्हणून तर तुमच्याशी भांडते. दुसऱ्याशी बोललेसुद्धा नसते.”

शिवनाथ ओलांडताना विषय थोडा भरकटला. पूल आला की मामा नेहमी उजवीकडे पाहतात. १९९८ साली, छत्तीसगड राज्य व्हायच्या आधी, बोरईच्या कारखान्यांना पाणी पुरवण्यासाठी या नदीचा साडेतेवीस किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीला बावीस वर्षांच्या करारानं दिला गेला. मोहलाईच्या आसपासच्या केवटांना जाळं टाकायला, काठच्या शेतकऱ्यांना मोटार लावायला मज्जाव झाला. आंदोलनं झाली, देशभर बातम्या आल्या, आणि २००३ साली सरकारनं करार रद्द करत असल्याचं जाहीर केलं. “तेव्हा पहिले कोण बोंबललं? केवट,” मामा म्हणाले. “ज्याचं पोट पाण्यावर, त्याला पहिले कळते.” बायकोनं फक्त एवढंच म्हटलं की केवटाचं पोट आणि मामांचा छंद एका तराजूत घालू नये. मलाही ते बरोबर वाटलं.

या नदीत पढिन सापडतो, ज्याला घाटावरचे मराठी लोक शिवडा म्हणतात. हातभर लांब मिशा, करवतीसारखं तोंड. जगभरच्या यादीत तो आता धोक्यात आलेल्यांत आहे. मामांनी पढिन धरणं सोडून दिलं आहे, असं ते म्हणतात. धरायला मिळत नाही म्हणून सोडलं, असं भाचीचं म्हणणं.

घर जवळ आल्यावर तिनं शेवटचा प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्या दिवसाचा तोच सर्वांत कामाचा होता.

“मामा, पावसाळ्यात तुम्ही जात नाही ते श्रावणामुळे. श्रावण नसता तर?”

“तर सरकारी बंदी आहेच. १६ जून ते १५ ऑगस्ट.”

“ती नदी-नाल्यांना आणि त्यांना जोडलेल्या पाण्याला. दर वर्षीचा आदेश वाचून पाहा. ज्या लहान तलावांचा नदी-नाल्याशी संबंध नाही त्यांना सूट असते. नियम रोहू-कतल्याकडे पाहून केलेला आहे, त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. मरळीला लागत नाही. ती याच उथळ, शेवाळलेल्या डबक्यांत घरटं करते. म्हणजे जिथं ती पिल्लं वाढवते नेमकं तिथंच बंदी नाही.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लाल गोळा.”

मरळीची पिल्लं लहान असताना तांबूस-केशरी असतात आणि एका घोळक्यात राहतात. त्यांनाही हवा लागते, म्हणून घोळका मिनिटा-दोन मिनिटांनी पृष्ठभागावर येतो. पाण्यावर लाल फेस उकळल्यासारखा दिसतो. खाली आई-बाप पहारा देत असतात. त्यावर बेडूक फेकला की ते भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी झडप घालतात. इतका सोपा मासा दुसरा नाही. बाप किंवा आई उचलली गेली की पिल्लं टेंगन्यांच्या पोटात जातात. भिलाईतले नवे पोरगे जुलै-ऑगस्टमध्ये हेच शोधत फिरतात, आणि कायद्यानं त्यांना कोणी अडवू शकत नाही.

“आम्हीही केलं आहे ते,” मामा म्हणाले. “सगळ्यांनी केलं. तेव्हा मरळी पुष्कळ होत्या म्हणून लक्षात नाही आलं.”

यावर भाचीनं विजयाचा आव आणला नाही. ती म्हणाली, “मग हे पोरांना तुम्ही सांगा. माझं कोणी ऐकणार नाही, मी गळाच्याच विरोधात आहे.”

गळ टाकावा की टाकू नये, हा या दोघांचा वाद मिटेल असं मला वाटत नाही आणि मिटवायची घाईही नाही. पण मरळ राहायची असेल तर तीन गोष्टी दोघांनाही मान्य आहेत, त्या वाचकांपैकी गळवाल्यांसाठी लिहून ठेवतो. तलाव कितीही लहान असो, नदीला जोडलेला नसो, १६ जून ते १५ ऑगस्ट गळ घरात राहू द्या. लाल गोळा दिसला तर तारीख पाहू नका, काठी उचला आणि दुसऱ्या काठाला जा. ठेवायची असेल ती मरळ पाण्याबाहेर येताच मारा, पोत्यात घालू नका. आणि पंचायतीचा तलाव पट्ट्यावर घेणारं कोणी हे वाचत असेल, तर ढेप टाकण्याआधी चार वेळा जाळं फिरवून मरळी जिवंत काढा. बाजारात त्यांना रोहूपेक्षा जास्त भाव मिळतो.